नऊ एकांचा वर्ग आणि हातचा

(माजिवडा येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेच जण मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतून पहाटेची एस. टी. गाठून येथे आला आहात. ज्या माजिवडा नाक्यावर आपण उतरलात, तेथून एक रस्ता कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जातो. दुसरा घोडबंदरावरून अहमदाबादच्या महामार्गास मिळतो आणि त्या मार्गाने डहाणूच्या बाजूस जाता येते. ज्या गृहस्थांविषयी आज मला बोलावयाचे आहे, ते डहाणूस जन्मले आणि नाशिकजवळील देवळालीस त्यांनी मास्तरकी केली. त्यांचे माध्यमिक शिक्षण या ठाणे शहरात झाले. म्हणजे त्यांच्या आयुष्याचे दोन्ही रस्ते या नाक्यावरून जातात, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु अगोदर त्यांची संख्या पाहू, मग त्यांच्याकडे वळू. शिक्षकाची ओळख त्याच्या फळ्यावरून व्हावी हेच बरे.

मी फळ्यावर एक संख्या लिहितो:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक आहेत. डावीकडून वाचा वा उजवीकडून वाचा, फरक पडत नाही. एकापासून नवापर्यंत चढावयाचे आणि पुन्हा एकापर्यंत उतरावयाचे. जणू आपला माहुलीचा गड. ही संख्या मोठ्याने वाचा असे मी म्हटले, तर आपण थोडे घुटमळाल. कोटींच्या भाषेत ती ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस’ अशी होते. कोटींचे कोटी मोजावे लागतात. भास्कराचार्यांनी मात्र ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा नावे दिली आहेत. ती घेतली म्हणजे वाचन सोपे होते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. येथे शिखर आले. मग उतार: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. परार्ध तेवढे वरच्या बाजूस रिकामे राहते. स्थानिक किंमत शिकविताना मुलांकडून ही नावे घोकून घ्यावीत असे मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक घराला स्वतःचे नाव असते आणि शेजारच्या घरापेक्षा ते दहा पटींनी लहान वा मोठे असते, ही गोष्ट या एका संख्येच्या वाचनात जशी ठसते तशी शंभर उदाहरणांत ठसत नाही.

आता ही संख्या येते कोठून? नऊ वेळा एक लिहा, म्हणजे १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. एवढेच. मुलांना एकदम नवावर नेऊ नये. प्रथम ११ ला ११ ने गुणू द्यावे: १२१. मग १११ ला १११ ने. हा गुणाकार मी फळ्यावर पूर्ण मांडतो, कारण सारे रहस्य या मांडणीत आहे.

१११ × १११

‌‌  १११
‌ १११०
१११००
———
१२३२१

एकाने गुणावयाचे असल्यामुळे पाढा लागत नाही. प्रत्येक ओळीत तेच तीन एक उतरतात आणि ओळ एक घर डावीकडे सरकते. मुलाला विचारावे, ‘एकं’च्या घरात किती एक आले? एक. ‘दहं’च्या घरात? दोन. ‘शतं’च्या? तीन. त्यापुढे? वरची ओळ संपली, म्हणून दोन. त्यापुढे एक. म्हणजे १, २, ३, २, १ हे अंक दुसरे काही नसून प्रत्येक घरात किती एक जमले त्याची मोजदाद आहे. चार एक घेतले तर उंची चार होईल, १२३४३२१. नऊ घेतले तर उंची नऊ, आणि आपली सतरा अंकी संख्या तयार होईल. तिसरीतला मुलगाही खड्यांनी वा चिंचोक्यांनी हे मांडू शकेल. अंगणात घरे आखावीत आणि प्रत्येक घरात चिंचोके ठेवीत जावे.

चिंचोक्यांनी मांडले की आणखी एक गोष्ट फुकट हाती येते. नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ चिंचोके, म्हणजे एकंदर एक्याऐंशी. तेव्हा आपल्या संख्येतील अंकांची बेरीज एक्याऐंशी असलीच पाहिजे. बेरीज करून पाहण्यापूर्वीच ती आपणांस ठाऊक आहे. या एक्याऐंशीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता त्या गृहस्थांकडे वळतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही. हाताशी ग्रंथालय म्हणावे असे काय असणार? तरीही ते संख्यांशी खेळत राहिले आणि जे सापडले ते लिहीत राहिले. ६१७४ ही त्यांची संख्या आता पुष्कळांच्या परिचयाची आहे. आपल्याकडील विद्वानांनी त्या काळी हे काम किरकोळ समजून बाजूस ठेवले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली ते निवर्तले. हे सारे मी मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण चरित्र सांगताना गणित राहून जाते असा माझा अनुभव आहे.

फळ्यावरच्या संख्येचे नाव मात्र सांगितलेच पाहिजे. कापरेकर तिला व तिच्या भावंडांना ‘डेमलो संख्या’ म्हणत. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांवर त्यांचा लेख आला. डेमलो हे कोणा परदेशी पंडिताचे नाव असावे असे मला कित्येक वर्षे वाटत असे. ते आपल्या डोंबिवलीचे नाव आहे! त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील त्या स्थानकात या संख्यांचा विचार त्यांना प्रथम सुचला, म्हणून स्थानकाचे जुने नाव त्यांनी संख्यांना दिले. आपल्यापैकी जे कल्याणकडून लोकलने ठाण्यास येतात, ते या नावावरून रोज जातात.

डेमलो संख्येचे लक्षण काय? तिचे तीन भाग पडतात: डावा, मधला आणि उजवा. डावा व उजवा भाग मिळविले की एकच अंक पुनःपुन्हा येतो, आणि मधल्या भागात तोच अंक असतो. साधे उदाहरण २५५३ हे घ्या. दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाच बसलेले. १६५ पाहा: एक आणि पाच मिळून सहा, मध्ये सहा. आता आपली संख्या. डावा भाग १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९. मध्ये नऊ, बेरजेत आठ नवे. धाकट्या भावंडांतही हेच दिसेल: १२३२१ मध्ये बारा आणि एकवीस मिळून तेहतीस, आणि मध्ये तीन.

ही भावंडे फार जुनी आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या आहे आणि ती २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून मिळविली आहे. अशा समतोल संख्यांना गळ्यातील हाराची उपमा दिलेली आढळते. मुलींच्या वर्गात ही उपमा चालेल.

एक्याऐंशीकडे येतो. नऊ एकांच्या संख्येतील अंकांची बेरीज नऊ आहे, म्हणून ती नवाने भागली जाते: १२३४५६७९ × ९ = १११११११११. या भागाकारात आठ नाही, हे ध्यानात ठेवा. मग त्या संख्येचा वर्ग नवाच्या वर्गाने, म्हणजे एक्याऐंशीने, निःशेष भागला जाणारच. आणि एक्याऐंशी ही तर तिच्या अंकांची बेरीज! जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ असे गोड नाव दिले. बारा ही हर्षद, कारण एक आणि दोन तीन, आणि तिनाने बारा भागले जातात. अठरा हर्षद, एकवीस हर्षद, तेरा नाही. शंभरापर्यंतच्या हर्षद संख्या शोधण्याचा पाठ चौथीत घेऊन पाहावा. बेरीज आणि भागाकार यांची उजळणी होते आणि मुलांना उजळणी चालली आहे हे कळत नाही.

भागण्याऐवजी आपल्या संख्येला एक्याऐंशीने गुणले तर? नऊ एकांना नवाने गुणले की नऊ नव होतात, म्हणून हा गुणाकार म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग: ९९९९९९९९८००००००००१. याचे मधोमध दोन तुकडे करा व मिळवा. ९९९९९९९९८ आणि १ मिळून पुन्हा ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळविले की तीच संख्या परत येते, तिला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. पंचेचाळीस ही त्यांतली लहान संख्या: वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस. सतरा अंकांच्या एका संख्येभोवती कापरेकरांची तीन निरनिराळी कुटुंबे अशी एकत्र जमलेली आहेत. तिचे मूळ अवयव पाहिजे असतील तर टिपून घ्या: तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून तिचे एकंदर पंचेचाळीस विभाजक होतात.

आता मला माझी एक चूक सांगावयाची आहे. ती सांगण्यासाठीच आजचा विषय निवडला असे म्हटले तरी चालेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी शहापूर तालुक्यातील एका सातवीपर्यंतच्या शाळेत होतो. पाचवीच्या वर्गात एके दिवशी हीच संख्या लिहिली. एका एकापासून नऊ एकांपर्यंतचे वर्ग एकाखाली एक मांडले. फळ्यावर मनोरा उभा राहिला, मुले खूश झाली आणि मी त्याहून अधिक. त्या भरात मी म्हणालो, ‘‘आता दहा एकांचा वर्ग करावयास नको. तो आपण असाच लिहू शकतो.’’ आणि लिहिले: १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वडीलमाणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी. वर्षातले चारपाच महिने हिचे नाव पटावर आणि ही भट्टीवर, अशी स्थिती. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, अंक वीस झाले. एकोणीस पाहिजेत.’’

मी विचारले, ‘‘ते कशावरून?’’

‘‘दोनाला तीन, तिनाला पाच, चाराला सात. दोन-दोनच वाढतात. नवाला सतरा, मग दहाला एकोणीस.’’

तिचे बोलणे बरोबर आहे की चूक, हे पाहावयास मला दोन मिनिटेही लागली नसती. परंतु तास संपत आला होता आणि मी नवा मास्तर होतो. ‘‘दहाला दोन अंक असतात ना? म्हणून एक वाढला. खाली बस,’’ असे मी म्हणालो. ती बसली.

रात्री खोलीवर कंदिलाच्या उजेडात गुणाकार मांडला. दहा एकांच्या दहा ओळी. एकं, दहं, शतं अशी नऊ घरे ठीक गेली. दहाव्या घरात दहा एक जमले. आता कोणत्याही घरात दहा मावत नाहीत, हे आपण दुसरीच्या मुलाला शिकवितो! शून्य लिहावयाचे आणि हातचा एक. पुढल्या घरात नऊ होते, हातचा मिळून तेथेही दहा. पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. त्यापुढे आठ, हातचा मिळून नऊ. तेथे हातचा शमतो आणि बाकीचे सात, सहा, पाच आपल्या जागी राहतात. उत्तर आले:

१२३४५६७९००९८७६५४३२१

अंक मोजले. एकोणीस. मी फळ्यावर दहा हा एका घरात कोंबला होता. बेरीज शिकविताना ज्या चुकीसाठी मुलांना रागावतो, नेमकी तीच चूक मनोऱ्याच्या मोहात मी केली. चिंचोक्यांचा विचार केला असता तरी कळले असते: शंभर चिंचोके, आणि दहाचा एक केला की प्रत्येक वेळी नऊ कमी होतात. दोन हातचे, म्हणून अठरा कमी. या उत्तरातील अंकांची बेरीज ब्याऐंशी येते, ती यामुळेच.

आणि आठ कोठे गेला तेही त्या रात्री कळले. १२३४५६७९ मध्ये आठ का नाही, हे कोडे मला शाळेपासून होते. वरच्या उत्तराचा आरंभ पाहा: १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि एकदम ९. आठ पळालेला नाही. मागून आलेला हातचा घेऊन तो नऊ झाला आहे. एकास एक्याऐंशीने भागीत गेलो की दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच अंक पुनःपुन्हा येतात. तेथेही आठाचा नऊ होतो तो याच हातच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन फळ्यावर चूक पुन्हा लिहिली, पुसली आणि पूर्ण गुणाकार मांडला. मागचा बाक रिकामा होता. घरचे सगळे आदल्या संध्याकाळी ट्रकमधून भिवंडीकडील भट्टीवर गेले, असे शेजारच्या मुलाने सांगितले.

येथे थोडे विषयांतर करतो. अलीकडे पुष्कळ गुरुजी व बाई विचारतात की, एवढे मोठे गुणाकार हाताने कशाला, भ्रमणध्वनीत गणकयंत्र आहे. आहे खरे. परंतु संगणकातील नेहमीच्या हिशेबाच्या तक्त्यात नऊ एकांचा वर्ग मागून पाहा. तो १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर देतो. पंधरा अंकांपलीकडचे तो जपून ठेवीत नाही आणि तेथे शून्ये लिहितो. ज्या संख्येच्या शेवटी एक आहे तिच्या वर्गाच्या शेवटी एकच आला पाहिजे, शून्य येणार नाही, हे पाचवीतले मूल सांगू शकते. यंत्र वापरू द्यावे. पण वर्गात यंत्राची ही चूक एकदा मुलांकडून पकडवून घ्यावी. त्यांना फार मौज वाटते. मला वाटते, यंत्र नाकारण्यापेक्षा ही रीत अधिक उपयोगाची आहे.

बरे, ती मुलगी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली. मधल्या काळातले पुष्कळ बुडाले होते, अपूर्णांक तर मुळीच नव्हते. पहिल्याच दिवशी तिला जवळ बोलाविले आणि म्हटले, ‘‘अगं, तुझे एकोणीसच बरोबर होते. माझे चुकले होते.’’ तिने मान हलविली. तिला ते ठाऊकच असावे. भट्टीवर तिने मातीत काडीने ओळी मांडून पाहिल्या होत्या. उत्तर लक्षात नव्हते, पण ‘‘दोनदा हातचा येतो’’ हे तिने आपण होऊन सांगितले.

मी तिला दहा एकांचे उत्तर लिहून दाखविले आणि त्याला डेमलोची कसोटी लावली. डावे नऊ अंक १२३४५६७९०, मधले शून्य, उजवे नऊ अंक ९८७६५४३२१. डावे-उजवे मिळविले तर ११११११११११, दहा एक. ज्या संख्येपासून निघालो तीच परत आली. पण मध्ये शून्य असल्यामुळे कसोटी काही लागू पडेना. मी म्हणालो, ‘‘हातच्याने मनोरा मोडला.’’

तिने विचारले, ‘‘मग गुरुजी, अकराचं काय होतं?’’

मला ठाऊक नव्हते. या वेळी मी तसे सांगितले. आम्ही दोघे फळ्यापाशी उभे राहिलो, ती मोजीत होती आणि मी लिहीत होतो. नऊ घरांपर्यंत पूर्वीप्रमाणेच. दहाव्या घरात दहा: शून्य, हातचा एक. अकराव्यात अकरा आणि हातचा मिळून बारा: दोन, हातचा एक. बाराव्यात दहा आणि एक अकरा: एक, हातचा एक. तेराव्यात नऊ आणि एक दहा: शून्य, हातचा एक. चौदाव्यात आठ आणि एक नऊ. मग सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक.

१२३४५६७९०१२०९८७६५४३२१

तिने प्रथम अंक मोजले: एकवीस. मग मी न सांगता मधल्या अंकावर बोट ठेवले. तो दोन होता. डावीकडचे दहा अंक १२३४५६७९०१ आणि उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१ तिने पाटीवर एकाखाली एक लिहिले, उजवीकडून बेरीज करीत गेली, आणि प्रत्येक घरात दोनच येऊ लागले. दहा दोन झाले तेव्हा तिने पाटी माझ्यासमोर धरली.